मोंतेक्रिस्तीच्या विणकरणी

इक्वेडोरमध्ये कीतोची भव्य चर्चे पाहिली, क्वेंकाच्या दगडी रस्त्यांवरून मनसोक्त फिरले. परंतु त्या प्रवासाविषयी लिहावेसे वाटते ते मानाबी प्रांतातील मोंतेक्रिस्ती या गावामुळे. जगभर ‘पनामा हॅट’ म्हणून विकली जाणारी टोपी मूळची इक्वेडोरची आहे. १९व्या शतकात ती पनामामार्गे परदेशी जाऊ लागली आणि श्रेय वाटेवरच्या देशाला मिळाले. मोंतेक्रिस्ती आणि जवळचे पिले ही गावे तिच्या सर्वांत तलम विणीसाठी प्रसिद्ध आहेत.

तोकिया या झाडाचे न उमललेले कोवळे कोंब कापून, त्यांच्या बारीक पट्ट्या काढून त्या उकळत्या पाण्यातून काढतात आणि वाळवतात. वाळताना पट्टीच्या कडा आत वळतात व तिचा गोलसर धागा बनतो. इथवरची माहिती मी आधी वाचली होती. प्रत्यक्ष विणताना शरीराला काय सोसावे लागते, याची मात्र मला कल्पना नव्हती.

तिथली विणकरीण बसून विणत नाही. तिकाटीवर लाकडी ठोकळा, त्यावर अर्धी विणलेली टोपी, त्यावर उशी आणि उशीवर स्वतःच्या छातीचा भार टाकून ती कमरेतून वाकलेली असते. हात खाली सोडलेले, बोटे अधूनमधून पाण्यात बुडवून ओली केलेली. दुपारच्या उन्हात धागा कडक होतो म्हणून तलम काम पहाटे किंवा संध्याकाळी चालते, आणि अतितलम टोपीला कित्येक महिने लागतात. येवल्याला पैठणीसाठी महिनोन्‌महिने मागावर बसणारे विणकर मी पाहिले आहेत. तिथे ताण्याचा ताण माग तरी पेलतो, इथे तोही शरीरानेच पेलायचा.

टोपी उजेडाकडे धरली की शेंड्यापासून पसरत गेलेली वलये दिसतात आणि ती जितकी दाट, तितकी वीण तलम. मी ती वलये न्याहाळत असताना त्याच दुकानात काही पर्यटक टोपीची गुंडाळी करून पाहत, किमतीवरून घासाघीस करत होते. मला त्याचा मनस्वी राग आला. वारंवार गुंडाळल्याने घडीवरचे धागे तुटतात, म्हणून विकत घेणाऱ्याने टोपी गुंडाळू नये, आणि विणणाऱ्या हातांसमोर तरी भाव पाडून मागू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

२०१२ साली युनेस्कोने या विणकामाला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, याचा आनंद आहेच. तरीही परदेशी दुकानांतल्या किमतीचा फार थोडा भाग विणकरणींपर्यंत पोहोचतो. मी पाहिलेल्या प्रत्येक टोपीच्या आतल्या पट्टीवर दुकानाचे नाव ठसठशीत छापलेले होते. तिथे विणणारीचे नाव असायला हवे, आणि ग्राहकांनीच तसा आग्रह धरायला हवा.