झाकणावरचा पांढरा आकडा

इचलकरंजीत जुन्या वाहनांच्या मूल्यांकनाचे काम मी गेली एकोणीस वर्षे करीत आहे. बँक किंवा पतसंस्था जुन्या गाडीवर कर्ज देण्याआधी गाडी माझ्याकडे पाठवते. मी चासी नंबर उतरवून घेतो, इंजिन ऐकतो, पत्रा आणि रंग तपासतो, मीटरवरचा आकडा लिहितो आणि किंमत ठरवून अहवाल देतो. मीटर मागे फिरवलेल्या गाड्या या काळात मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि बहुतेक वेळा त्या पहिल्या दहा मिनिटांतच ओळखू येतात. फेब्रुवारी २०२४ मधल्या एका शनिवारी आलेली पांढरी इनोव्हा मात्र मला जवळजवळ फसवून गेली होती, आणि ती तसे करू शकली ते तिच्या चांगुलपणामुळे.

गाडी घेणारे गृहस्थ आमच्या गावातले यंत्रमागधारक. वय साठीच्या पुढे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. वृद्ध आईला दर महिन्याला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचे आणि वर्षातून एकदा पंढरपूरला, एवढ्यासाठी त्यांना मोठी गाडी हवी होती, आणि ती टोयोटाचीच हवी होती. त्यांच्या शेडमध्ये आठ टोयोटा एअरजेट माग आहेत. “ज्याचा माग असा चालतो त्याची गाडी कशी असंल, हे काय सांगायला पाहिजे व्हय साहेब?” असे ते मला फोनवर म्हणाले होते.

या विश्वासात ते एकटे नाहीत. जानेवारी २००० मध्ये टोयोटाची क्वालिस आली तेव्हा तिच्या डब्यासारख्या आकाराला नाके मुरडणारे अनेक होते, पण प्रवासी वाहतूक करणाऱ्यांनी ती पहिल्या वर्षापासून उचलून धरली. २००५ मध्ये तिची जागा इनोव्हाने घेतली, तेव्हा चांगली चालणारी गाडी बंद का केली म्हणून हळहळणारे मालक मला आजही भेटतात. इनोव्हाच्या मालकांचे बोलणेही मला पाठ झाले आहे. रात्रभर चालवली तरी पाठ दुखत नाही, घाटात सात माणसे आणि सामान घेऊन चढते, एसी शेवटच्या सीटपर्यंत पोहोचतो, आणि तीन-चार लाख किलोमीटरपर्यंत इंजिन उघडावे लागत नाही. तक्रारीही ठरलेल्या असतात. कंपनीचे सुटे भाग महाग, इंजेक्टरचे काम निघाले की खिसा रिकामा होतो, आणि २०१६ नंतरच्या नव्या इनोव्हाचे, म्हणजे क्रिस्टाचे, स्टीअरिंग गर्दीत फार जड लागते. या तक्रारी खऱ्या आहेत, आणि तरीही तेच मालक दुसरी गाडी घेताना पुन्हा इनोव्हाच घेतात. जुन्या इनोव्हाला बाजारात इतर गाड्यांपेक्षा जास्त भाव येतो तो यामुळेच, आणि त्या भावावर डोळा ठेवणारेही याचमुळे तयार झाले आहेत.

ती गाडी २०१२ सालची होती. मीटरवर १,६२,३०० किलोमीटर. एजंट तरुण आणि बोलका होता. इंजिनचा टायमिंग पट्टा दीड लाखाला बदललेला आहे, आता तीन लाखांपर्यंत बघायला नको, असे त्याने न विचारताच सांगितले. बारा वर्षांत एवढे चालणे घरगुती गाडीला अगदी शोभणारे होते. मी गाडी चालू केली. थंड इंजिन अर्ध्या हेलकाव्यात सुरू झाले, धूर नाही, खडखड नाही, गिअर लोण्यासारखे पडत होते. कबनूरपर्यंत जाऊन आलो तरी मला बोट ठेवायला जागा सापडेना. दुसऱ्या एखाद्या गाडीचे इंजिन दोन लाखांनंतर स्वतःच आपले वय सांगू लागते. हे इंजिन सांगत नाही. मी अहवालाचा फॉर्म काढून मीटरच्या रकान्यात आकडा लिहिलासुद्धा होता.

मग ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढला. सीटचे कव्हर, स्टीअरिंगचे कातडे, पेडलचे रबर हे सगळे बदलता येते आणि लोक ते बदलतात. सीटबेल्ट बदलायचे कुणाला सुचत नाही. खांद्याजवळ जिथे तो रोज घासतो तिथे त्याच्या कडेला तंतू सुटून लव आली होती. १,६२,००० किलोमीटरमध्ये बेल्ट इतका झिजत नाही. मी पुन्हा बॉनेट उघडले, आणि मघाशी नजरेतून सुटलेली गोष्ट आता दिसली. सगळे इंजिन धुऊन लख्ख केलेले होते, फक्त टायमिंग पट्ट्याच्या प्लास्टिकच्या झाकणावर काळ्या ग्रीसचा जाड लेप होता. रॉकेलच्या फडक्याने तो पुसला तेव्हा खाली मिस्त्रीने पांढऱ्या पेंटने लिहिलेले दिसले: २,९६,४००, आणि खाली २०१९ मधली तारीख.

एजंट म्हणाला की झाकण दुसऱ्या गाडीचे असेल. आरसी अजून मूळ मालकाच्याच नावावर होती आणि विमा पॉलिसीच्या प्रतीवर त्यांचा मोबाइल नंबर होता, म्हणून मी त्यांना फोन लावला. सांगलीकडचे एक निवृत्त गृहस्थ बोलले. मी कोण ते सांगून, गाडी विकली तेव्हा मीटर किती होते, एवढेच विचारले. “चार लाख बारा हजार,” ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले, आणि मग दहा मिनिटे त्या गाडीबद्दल बोलत राहिले. मुलीचे लग्न, दोन वेळा काशी, कोविडच्या काळात शेजाऱ्यांना दवाखान्यात नेणे. एकदा क्लच, एकदा इंजेक्टर, बाकी फक्त तेल आणि फिल्टर. शेवटी त्यांनी विचारले, “असं का विचारलंत? मी काही लपवलं नव्हतं हो.” त्यांच्या आवाजात अपमान झाल्याची जाणीव होती, आणि ती रास्त होती. चार लाखांचा आकडा त्यांना लपवण्यासारखा वाटत नव्हता. तो त्यांचा अभिमान होता. कुणीतरी त्यातले अडीच लाख पुसून टाकले होते.

मला वाटले होते अण्णा संतापतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “साहेब, टोयोटा आहे. चार लाख झाले असले म्हणून काय बिघडतंय? तुम्हालाच आवाजात काय सापडलं नाही.” या प्रश्नाला उडवून लावण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते. इंजिन खरोखरच उत्तम होते. किंमत कमी करून घ्यावी आणि व्यवहार करावा, असे त्यांच्या मनात होते.

तेव्हा मी त्यांना पट्ट्याचा हिशेब समजावून सांगितला. या डिझेल इंजिनात खालचा क्रँक आणि वरचा कॅम यांची गती एका दातेरी रबरी पट्ट्याने जुळवलेली असते. हा पट्टा हळूहळू आवाज करीत झिजत नाही. तुटतो तो एकदम, आणि तुटला की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतात. म्हणून कंपनीने डॅशबोर्डवर त्याच्यासाठी वेगळा दिवा ठेवला आहे, आणि आमच्याकडचे मिस्त्री तो पट्टा दीड लाख किलोमीटरला बदलतात. शेवटचा पट्टा २,९६,४०० ला बदललेला. म्हणजे पुढचा ४,४६,४०० च्या आत बदलायला हवा. खऱ्या हिशेबाने साधारण चौतीस हजार किलोमीटर उरले होते. खोट्या मीटरच्या हिशेबाने, तीन लाखांपर्यंत, १,३७,७०० उरले होते. अण्णांनी मीटरवर विश्वास ठेवून गाडी चालवली असती, तर पट्टा केव्हातरी मिरजेच्या वाटेवर तुटला असता, आणि त्या वेळी दिवा लागलेला नसता.

अण्णा उठले आणि म्हणाले, “चला माझ्यासंगं.” मला वाटले ते घरी नेतील. त्यांनी मला शेडमध्ये नेले.

एअरजेट मागात आडवा धागा वाहून नेणारा धोटा नसतो. हवेच्या झोताने बाणा, म्हणजे आडवा धागा, ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून फेकला जातो, आणि तो इतक्या वेगाने की डोळ्याला नुसते कापड पुढे सरकताना दिसते. अण्णांनी एका मागाजवळ जाऊन ताण्याचा एक धागा कात्रीने कापला. त्या धाग्यावर अडकवलेली पातळ पत्र्याची पट्टी, जिला मागवाले ड्रॉपर म्हणतात, खाली पडली. माग जागच्या जागी थांबला आणि डोक्यावरचा दिवा लागला. शेडच्या मागच्या भागात त्यांचे जुने साधे माग होते. तिथे त्यांनी तसाच एक धागा कापला. माग चालतच राहिला आणि कापडात एक उभी फट पडत गेली. “इथं माणूस उभा पाहिजे, डोळ्यांत तेल घालून,” ते मोठ्याने म्हणाले, कारण तिथे हळू बोललेले ऐकू येत नाही. “मीटर फिरवलं म्हणजे ड्रॉपर काढून माग चालवल्यासारखं झालं की. कापड निघणारच, पण फाटकं.”

टोयोटाचा इतिहास मी अनेकदा वाचला होता. तो डोळ्यांपुढे उभा राहिला तो त्या आवाजात. साकिची टोयोडा १८६७ साली आताच्या शिझुओका प्रांतातल्या एका खेड्यात, सुताराच्या घरी जन्मले. आईला हातमागावर विणताना पाहून त्यांनी माग सुधारायचा ध्यास घेतला. त्यांची खरी देणगी वेगाची नव्हती असे मला वाटते. धागा तुटताच माग आपोआप थांबवण्याची होती. १९२४ साली चालत्या मागात धोटा आपोआप बदलणारा आणि धागा तुटला की थांबणारा ‘जी’ (G) प्रकारचा माग तयार झाला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने त्याच्या पेटंटचे हक्क १ लाख पौंडांना विकत घेण्याचा करार केला. साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी माग बनवणाऱ्या कंपनीतच १९३३ साली मोटारींचा विभाग काढला, १९३६ मध्ये त्यांची पहिली प्रवासी मोटार विक्रीला आली आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटार ही वेगळी कंपनी झाली. टोयोडाचे टोयोटा झाले तेही याच काळात. जपानी लिपीत ते आठ रेघांत लिहिता येते आणि आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात. पुढे मोटारींच्या कारखान्यातही दोष दिसताच कामगाराने उत्पादनाची साखळी थांबवावी हा नियम झाला.

आमच्या भागाशी या कथेचे नाते जवळचे आहे. साकिचींहून दोनच वर्षांनी लहान असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर करीत होते आणि १९१० मध्ये त्यांनी आताच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तो १९०४ मध्ये. किर्लोस्कर आणि टोयोडा या दोन घराण्यांची भारतातली भागीदारीही आधी, १९९५ मध्ये, सूतगिरणीच्या यंत्रांसाठी झाली, आणि १९९७ मध्ये मोटारींसाठी टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली. अण्णा मागावरून गाडीची पारख करीत होते त्यात भाबडेपणा नव्हता.

आणि नेमक्या त्याच दिवसांत वर्तमानपत्रांत दुसरी बातमी होती. ज्या कंपनीतून मोटारींचा विभाग जन्मला, तीच मागांची जुनी कंपनी, टोयोटा इंडस्ट्रीज, आज इनोव्हा क्रिस्टाची डिझेल इंजिनेही बनवते. प्रमाणीकरणासाठी इंजिनांची शक्ती मोजताना तिने नेहमीच्या उत्पादनापेक्षा वेगळे सॉफ्टवेअर वापरून आकडे अधिक एकसारखे दाखवले, असे चौकशी समितीला आढळले होते. २९ जानेवारी २०२४ रोजी हे जाहीर झाले आणि क्रिस्टा, फॉर्च्युनर व हायलक्स यांची भारतातली रवानगी काही दिवस थांबली. इंजिनांची शक्ती खरी होती, तरी आकडे तसेच्या तसे दाखवले गेले नव्हते. मी हे अण्णांना सांगितले तेव्हा त्यांना मीटरपेक्षा जास्त वाईट वाटले. बराच वेळ ते थांबलेल्या मागाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “सांगितलं आणि थांबवलं, हे तरी केलं त्यांनी.” त्यांच्याइतके उदार होणे मला जमले नाही. धागा तुटताच थांबणे हेच ज्या घराचे मूळ, त्या घराला हे सांगायला बाहेरची समिती का लागावी, हे मला अजून कळलेले नाही.

मी अहवालात मीटरच्या रकान्यातला आकडा खोडून, सही करून, मूळ मालकाने सांगितलेला आकडा लिहिला, झाकणाचे छायाचित्र जोडले आणि पतसंस्थेला कर्जाची शिफारस करीत नसल्याचे कळवले. एजंट गाडी घेऊन गेला. मूळ मालकांनाही मी पुन्हा फोन करून, गाडीच्या हस्तांतराचे कागद ताबडतोब पाहायला सांगितले.

अण्णांनी तीन आठवड्यांनी दुसरी इनोव्हा आणली, ३,७१,००० किलोमीटर चाललेली, मालकाने वहीत प्रत्येक सर्व्हिस लिहून ठेवलेली. त्यांनी ती घेतल्याबरोबर पट्टा बदलून घेतला आणि मला गॅरेजमध्ये बोलावले. मिस्त्री झाकण बसवत होता. अण्णांनी खिशातून पांढऱ्या पेंटचे पेन काढले, चष्मा लावून मीटर पाहिले, आणि वाकून आकडा स्वतःच्या हाताने झाकणावर लिहिला.