चौदा वाव पाणी

‘खोल समुद्रातली मासेमारी, पूर्ण दिवस, सहा जणांसाठी बोट’ अशी ती जाहिरात होती आणि तिच्या चित्रफितीत शाईसारख्या निळ्या पाण्यातून कमानीसारखा वाकलेला रॉड धरून एक गृहस्थ माणसाएवढा मासा ओढत होते. माझ्या साडूंनी ती मला दाखवली तेव्हाच मी म्हणालो, की हे पाणी मुंबईचे नव्हे, बहुधा अंदमानचे असावे. साडूंना वांद्र्याच्या खडकांवर आणि गोराईच्या खाडीत गळ टाकून बसण्याचा नाद आहे, त्यामुळे त्यांनाही ते ठाऊक होते. त्यांनी जाहिरात बाजूला ठेवली आणि ओळखीच्या एका नाखवांकडून, प्रवासी नेण्याचा परवाना असलेली बोट ठरवली. माणशी चार हजार रुपये, डिझेल आणि बर्फ त्यातच.

‘खोल’ या शब्दाविषयी आधीच सांगून टाकतो, कारण दिवसभर मी त्याच शब्दाशी अडखळत होतो. अंदमानला किनारा सोडल्यावर थोड्याच अंतरात समुद्राचा तळ एकदम खाली जातो. मुंबईसमोर तसे होत नाही. येथे भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे आणि तळ इतक्या सावकाश उतरतो की किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हाय तेलक्षेत्रातही पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपासच भरते. आम्ही ज्या जागी दिवस घालवला तेथे नाखवांच्या हिशेबाने चौदा वाव पाणी होते. दोन्ही हात फैलावले की एक वाव, म्हणजे सहा फूट. चौदा वाव म्हणजे साधारण साडेपंचवीस मीटर, आमच्या आठ मजली इमारतीएवढे. मोठ्या हौसेने समुद्रात जाऊन आपण आपल्याच गच्चीवरून गळ सोडून बसलो आहोत, असे मला एकदोनदा वाटले.

दिवस आम्ही ठरवला नव्हता, तो नाखवांनी ठरवला. आम्हाला आधीचा रविवार सोयीचा होता, पण ती पौर्णिमा होती आणि उधाणाच्या पाण्यात गळाचे वजन, म्हणजे शिसे, तळाला ठरत नाही, म्हणून त्यांनी साफ नकार दिला. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो आणि तेवढे पाणी सहा तासांत आत-बाहेर करायचे म्हणजे प्रवाहाला नदीसारखी ओढ येते. भांगेच्या, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपासच्या, दिवसांत हा फरक निम्म्याहूनही कमी होतो. म्हणून पौष वद्य नवमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब माझे आजोबा सांगत. नऊची पाऊणपट पावणेसात, म्हणजे सकाळी पावणेसातला पूर्ण भरती आणि दुपारी एकच्या सुमारास पूर्ण ओहोटी. मोबाइलवरचे भरतीचे कोष्टक पाहिले तर त्यात नि आजोबांच्या हिशेबात वीसेक मिनिटांचाच फरक निघाला. या दिवसाचे सगळे गणित त्या एक वाजण्यात होते, हे मात्र मला तेव्हा उमगले नव्हते.

पहाटे चार वाजता भाऊच्या धक्क्यावर पोहोचलो. मासे उतरवायची घाई चालली होती, बर्फाच्या लाद्या दळल्या जात होत्या आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या कोळणी आमच्या रॉडच्या पिशव्यांकडे बघून हसत होत्या. २००८च्या हल्ल्यातले अतिरेकी मासेमारी बोट बळकावूनच मुंबईत उतरले होते, त्यामुळे आता बोटीवर पाऊल ठेवण्यापूर्वी ओळखपत्रे आणि नावांची यादी हे सोपस्कार होतात आणि ते व्हावेत. साडेचारला इंजिन सुरू झाले. अर्धा चंद्र डोक्यावर होता. नाखवांनी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभे राहून दर्याला नारळ दिला, खलाशाने लाइफ जॅकेटे वाटली आणि आत शिरणाऱ्या भरतीच्या उलट दिशेने आम्ही सावकाश बाहेर पडू लागलो.

अंधारात बंदर ओलांडताना मोठ्या जहाजांपेक्षा भीती वाटते ती डोल जाळ्यांची. बोंबील आणि जवळा धरणारी ही पिशवीसारखी जाळी प्रवाहाच्या तोंडाला रोवून ठेवलेली असतात. वर दिसतात ती फक्त पिंपे नाहीतर थर्माकोलचे तुकडे. पंख्यात दोर अडकला तर दिवस तेथेच संपतो. कुलाब्याच्या टोकापलीकडचे, १८७५ साली बांधलेले प्रॉन्गचे दीपगृह मागे पडेपर्यंत नाखवा एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा मुलगा नाळेवर बॅटरी मारत बसला होता आणि हातानेच डावे-उजवे दाखवत होता.

फटफटले तेव्हा खांदेरी समोर आली. हे बेट १६७९ साली शिवाजी महाराजांनी तटबंदीने बांधून घेतले तेव्हा मुंबईचे इंग्रज कसे हवालदिल झाले, ते शाळेत वाचलेले होते. पण बोटीवर तिची ओळख वेगळी आहे. बोटीवर ती वेतोबाची जागा आहे. सुकाणू न सोडता नाखवांनी एक हात कपाळाला लावला, खलाशांनी टोप्या काढल्या आणि साडूंनीही मासे मिळावेत म्हणून घाईघाईने हात जोडले. बेटाभोवतालच्या खडकांजवळ आम्ही दोन रॉडच्या दोऱ्या चालत्या बोटीमागे सोडून सुरमईसाठी अर्धा तास ट्रोलिंग केले. काही लागले नाही. बाहेर वळलो तसा पाण्याचा चहासारखा रंग आधी मेंदीसारखा हिरवा आणि मग गडद हिरवा झाला. निळा झालाच नाही.

आठच्या सुमारास इंजिन मंद झाले. फिशफाइंडरच्या पडद्यावर तळाची सपाट रेघ अचानक उंचवटे दाखवू लागली होती, पण नाखवांचे लक्ष पडद्यापेक्षा किनाऱ्याकडे होते. धुरकटात जेमतेम दिसणारा कनकेश्वरचा डोंगर आणि खांदेरीचे दीपगृह यांचा त्यांच्या वडिलांनी शिकवलेला मेळ जुळला तेव्हाच त्यांनी नांगर टाकायला सांगितले. ही जागा जीपीएसमध्ये साठवू का, असे आमच्यातल्या एका तरुणाने विचारले. नाखवा नुसते हसले, आणि त्याने मोबाइल खिशात ठेवला.

गळाला माकूल किंवा तारलीचा तुकडा लावायचा, दोनशे ग्रॅमचे शिसे तळाला टेकू द्यायचे, हातभर वर घ्यायचे आणि थांबायचे. एवढेच काम. पहिल्या तासात मला दोन शिंगाळे लागले. शिंगाळा बोटीत आला की कुर्रकुर्र आवाज करतो आणि पाठीवरचा व बाजूंचे असे तीन करवती काटे ताठ उभारतो. काटा हातात गेला तर दिवसभर ठणकतो, म्हणून खलाशी पोपट-पान्याने ते तिन्ही काटे मोडूनच मासा हातात घेतो. साडूंना हातभर वाम लागली. तिने दोरी दातांनी कुरतडून टाकली आणि गळ घेऊनच गेली. त्यानंतर साडेतीन तास काही नाही. ओहोटीचे पाणी एकसारखे बाहेर ओढत होते, दोऱ्या तिरक्या जात होत्या, शिसे तळावर घरंगळत होते. दहाच्या सुमारास आमच्यातल्या दोघांना बोट लागली. ते इंजिनाच्या धुराजवळ सावलीला बसले होते, जी त्यासाठी सर्वांत वाईट जागा. त्यांना उघड्यावर आणून दूर खांदेरीकडे बघत बसायला लावले तेव्हा कुठे एकाचा चेहरा माणसात आला. दुसरा संध्याकाळपर्यंत आडवाच होता. मासेमारीच्या चित्रफिती मला लबाड वाटतात त्या याच कारणाने: त्यांतून नेमके हे साडेतीन तास कापून टाकलेले असतात.

“नाखवा, जागा बदलायची का?” साडूंनी विचारले.

“जागा बरोबर हाय, साहेब. पाणी उभं राहू दे. मग मासा खाईल.”

पाणी उभे राहणे म्हणजे ओहोटी संपून भरती सुरू होण्यापूर्वीची ती स्तब्ध वेळ. बाराला खलाशाने त्याच शिंगाळ्यांचे चिंच आणि कोळी मसाला घातलेले कालवण स्टोव्हवर चढवले होते. माझ्या बायकोने दिलेली चपाती-भाजी तशीच राहिली आणि आम्ही तळहात भाजत कालवण-भात जेवलो. हात धुऊन पाहतो तर माझी दोरी सरळ खाली उतरलेली होती. जिची सकाळपासून सवय झाली होती ती ओढच नाहीशी झाली होती आणि बोट नांगराच्या दोरावर सैल पडून गोल फिरत होती. मी शिसे तळाला टेकवले, हातभर वर घेतले, आणि रॉड एकदम पाण्यापर्यंत वाकला.

येथे मी दिवसातली सर्वांत मोठी चूक केली. आम्हाला दिलेले गळ गोलाकार, म्हणजे सर्कल हूक होते. असा गळ मासा वळून निघाला की आपोआप त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतो; धरणाऱ्याने झटका न देता फक्त रीळ फिरवायचे असते. साडूंनी हे मला बोटीवर दोनदा सांगितले होते. तरी खाडीवर पाहिलेल्या सवयीने मी दोन्ही हातांनी खच्चून झटका दिला. क्षणभर पलीकडे एक जड, संथ डोके हलल्यासारखे दोनतीन धक्के जाणवले, रिळातून दहाबारा हात दोरी सुटली आणि मग काहीच नाही. गळ रिकामा आणि स्वच्छ वर आला. “घोळ व्हती,” नाखवा शांतपणे म्हणाले. सुटलेला मासा नेहमी घोळच असतो, हे मला माहीत आहे. तरीही त्या शब्दाने पोटात कालवले, कारण तिच्या पोटातल्या भोताला, म्हणजे वाताशयाला, परदेशात सोन्यासारखी मागणी आहे आणि पालघरकडच्या मुरबे गावच्या कोळ्यांना २०२१ साली एका फेरीत मिळालेल्या १५७ घोळींचे एक कोटीहून अधिक रुपये झाल्याची बातमी सर्वांनीच वाचली होती. त्याच भोताने घोळ पाण्याखाली घुमल्यासारखा आवाज करते. नाखवांचे वडील वल्ह्याचा दांडा कानाला लावून तो ऐकत आणि जाळे कोठे टाकायचे ते ठरवत.

त्यानंतरचा तासभर कोणाला बोलायला फुरसत नव्हती. सहाही रॉड आळीपाळीने वाकत होते. साडूंना दोन तांबा, मला एक सव्वादोन किलोची तांब, बोट लागलेल्यांपैकी बसता झालेल्याला एक दाढा. आमच्यातल्या तरुणाला वीतभर हेकरू लागला. शासनाने माशांच्या ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिले आहेत. त्या यादीत काहीही असो, एवढा मासा ठेवायचा नाही हा नाखवांचा स्वतःचा नियम होता. पण पाण्यात सोडला तर तो पोट वर करून तरंगू लागला. चौदा वाव खाली पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या साडेतीन पट असतो. मासा घाईने वर ओढला की त्याच्या वाताशयातली हवा तितकीच फुगते, जठर तोंडातून बाहेर येते आणि त्याला पुन्हा खाली जाता येत नाही. सोडून दिले म्हणजे वाचले, असा माझा समज होता. साडूंनी काटा घासून काढलेला एक गळ उलटा करून त्याच्या खालच्या ओठात अडकवला, त्याला शिसे बांधले आणि दोरी खाली सोडली. शिसे तळाला टेकल्यावर वर एक हिसका दिला. गळ रिकामा आला. साडेपंचवीस मीटर खोलीला मी सकाळपासून हसत होतो. ती खोली त्या वीतभर माशाला किती होती, ते तेव्हा दिसले.

दोनच्या पुढे भरतीची ओढ लागली, वायव्येचा खारा वारा उठला आणि लाटांच्या माथ्यांवर पांढरे दिसू लागले. पाऊण तास जेमतेम एखादा मासा लागला, तेव्हा नाखवांनी आवरते घ्यायला सांगितले. नांगर मात्र निघेना. चौघांनी मिळून ओढला तेव्हा त्याच्यासोबत कोणीतरी टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्याचा बोचक्याएवढा गुंता वर आला; त्यात दोन कुजलेले मासे, एक चप्पल आणि अजून जिवंत असलेली एक चिंबोरी होती. जाळे टाकून दिले तरी मासे धरायचे थांबत नाही. खलाशाने कोयत्याने चिंबोरी सोडवली आणि गुंता बोटीतच ठेवला. ते धक्क्यावर नेऊन टाकायचे काम नाखवांनी आम्हाला दिले आणि ते मला योग्यच वाटले.

परतताना भरती पाठीशी होती, त्यामुळे सहाच्या आतच प्रॉन्गजवळ पोहोचलो. समोर सूर्याच्या उजेडात कुलाब्याच्या इमारती तांबूस दिसत होत्या आणि सकाळी ज्यांनी घाबरवले होते त्या डोल जाळ्यांच्या पिंपांवर बगळे बसले होते.

घरी बायकोने पिशवीत डोकावून पहिला प्रश्न केला, “पापलेट कुठंय?” २०२३ पासून राज्यमासा असलेले पापलेट गळाला लागत नाही, त्याचे तोंड लहान असते, ते पाण्यात तरंगणारे बारीक जीव आणि जेलीफिश खाते नि जाळ्यातच सापडते, हे सगळे मी तिला मोरीपाशी उभा राहून सांगितले. ती तांब साफ करत होती. पोट चिरल्यावर दोन चिंबोरीची पिल्ले निघाली आणि त्यांच्याखाली माकुलाचा एक पांढरा, सुरीने चौकोनी कापलेला तुकडा. तो कोणाच्या गळावरून आला होता, हे तिने विचारले नाही.