तुम्ही विचारलंत म्हणून: टेस्ला सोडून पुपिनच का?

सर्बियन शास्त्रज्ञ म्हटलं की टेस्लाचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. मी मात्र वर्गात मिहायलो पुपिनबद्दलच बोलत राहतो. मग कोणीतरी हमखास विचारतं, "सर, हाच का? आणि तो तर अमेरिकेत प्राध्यापक झाला, त्याच्या देशाला काय मिळालं?"

पुपिन मला जवळचा वाटतो, कारण तो हाडाचा मास्तर होता. आजच्या सर्बियातल्या बानात प्रांतातलं इद्वोर हे त्याचं गाव. रात्री गुरं राखताना पोरं जमिनीत सुरी खुपसायची आणि तिला कान लावून बसायची, म्हणजे चोरांची चाहूल लांबूनच लागायची. नांगरलेल्या भुसभुशीत रानात आवाज लवकर विरतो, कडक कुरणात लांबवर पोचतो, हे त्याला तिथेच उमगलं. १८७४ साली खिशात पाच सेंट घेऊन तो न्यूयॉर्कला उतरला. मोलमजुरी करत कोलंबिया विद्यापीठातून पदवीधर झाला, बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आला आणि पुढे कोलंबियातच चाळीसएक वर्षं शिकवलं. टेलिफोनच्या तारेत ठरावीक अंतरावर कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, बसवल्या की आवाज कमी विरतो, हे त्याचं १९०० सालचं पेटंट. लांब पल्ल्याच्या टेलिफोनला त्यामुळे बळ आलं.

पण मी सांगतो ते त्याच्या विद्यार्थ्यांबद्दल. रॉबर्ट मिलिकनला जर्मनीत शिकायला जायचं होतं, तर पुपिनने पदरचे पैसे उसने दिले. त्याच मिलिकनला १९२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एफएम रेडिओचा जनक एडविन आर्मस्ट्राँगही त्याचाच विद्यार्थी.

देशाला काय मिळालं म्हणता? तो न्यूयॉर्कमध्ये सर्बियाचा मानद वाणिज्यदूत होता. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसच्या शांतता परिषदेत सर्बियासह नव्याने बनलेल्या युगोस्लाव्ह देशाच्या शिष्टमंडळाच्या मदतीला धावून गेला.

खरा सल मला नव्वदच्या दशकाचा आहे. मे १९९२ मध्ये बोस्नियातल्या युद्धावरून संयुक्त राष्ट्रांनी युगोस्लाव्हियावर (म्हणजे तेव्हाच्या सर्बिया-माँटेनेग्रोवर) निर्बंध घातले, त्यात वैज्ञानिक सहकार्यही थांबवलं. युद्ध पेटवणारे नेते खुर्चीवर राहिले आणि शिक्षा प्रयोगशाळांनीही भोगली. पुढच्याच वर्षी महागाई एवढी भडकली की पाचशे अब्ज दिनारची नोट छापावी लागली. प्राध्यापकाच्या पगाराचं काय झालं असेल, तुम्हीच बघा. अशा वेळी तरुण संशोधक निघून गेला तर त्याला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. सर्बियातल्या निशच्या विद्यापीठात शिकलेल्या येलेना वुच्कोविच आज स्टॅनफर्डला क्वांटम प्रकाशविज्ञान शिकवतात. बेलग्रेडच्या गॉर्दाना वुन्याक-नोवाकोविचही अमेरिकेत गेल्या. पुपिनच्याच कोलंबियात त्या हाडाच्या, हृदयाच्या, फुफ्फुसाच्या ऊती वाढवतात.

सर्बियात वाल्येवो शहराजवळ पेत्नित्सा नावाचं विज्ञान केंद्र आहे, १९८२ पासूनचं. शाळकरी मुलं तिथे येतात आणि स्वतःचे प्रयोग स्वतः आखतात. तिथे शिकून परदेशी गेलेले कितीतरी जण सुट्टीत परत येतात आणि त्याच वर्गांत नव्या पोरांना शिकवतात.