पंचमाची तार

"पंचमाची तार जराशी उतरलीय रे." बाबांनी हेडफोन कानाला लावून मिनिटही झालं नसेल.

हेडफोन मित्राचा, दोन दिवसांसाठी आणलेला, डेनॉन एएच-डी९२००, वाट्या चक्क जपानी बांबूच्या. क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद हेडफोन म्हटलं की आतल्या छोट्या स्पीकरच्या मागचा आवाज आतच घुमणार आणि गवई डब्यात बसून गातायत असं वाटणार ही माझी भीती, पण इथे तसं काही नाही, डग्गा नुसता ऐकू येत नाही, जाणवतो. मी सकाळपासून तेच तपासत बसलेलो, बेस, डिटेल, गाणाऱ्याचा श्वास, श्रोत्यांत कोणीतरी खोकलं तेसुद्धा.

तेच रेकॉर्डिंग चारदा ऐकलं. तंबोरा नाही ऐकला.

बाबांनी हेडफोन काढला नि विचारलं, "केवढ्याचा?"

सांगितलंच नाही मी.