पहाटे डोळा उघडताना: कोरड्या डोळ्यांच्या रात्रींचा माझा अनुभव

पहाटे तीन-साडेतीनच्या सुमाराला मला जाग यायची ती डाव्या डोळ्यातल्या कळेने. पापणी उचलायला जावं तर ती आतून बुबुळाला चिकटून बसलेली, आणि उघडताना काहीतरी सोलवटून निघाल्यासारखं वाटायचं. हात आपोआप डोळ्याकडे जायचा. चोळलं की आग आणखी भडकायची. मग पाच-दहा मिनिटं डोळ्यातून पाण्याची धार. उशी ओली, झोप पार उडालेली, आणि डोळा मिटला तरी खुपतोय, उघडला तरी खुपतोय.

एवढं पाणी वाहत असताना डोळे कोरडे असतील असं माझ्या मनात आलंच नाही. बुबुळाचा पृष्ठभाग सुकून दुखावला की डोळा एकदम भसाभसा पाणी सोडतो, पण ते पाणी फार टिकत नाही, हे मला खूप नंतर कळलं. डोळ्यावर सतत पसरलेला अश्रूंचा जो पातळ थर असतो, तो नुसत्या पाण्याचा नसतो. त्यात खाली चिकट श्लेष्म असतो, मध्ये पाणी आणि वर तेलाचा अगदी तलम पापुद्रा. ते तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक बारीक ग्रंथींतून येतं. ते कमी पडलं की खालचं पाणी लवकर उडून जातं.

सुरुवातीला मी एक चूक केली, ती सांगायलाच हवी, कारण ती बरेच जण करतात. डोळे लाल दिसायचे म्हणून कुणालाही न विचारता मी लाली घालवणारे थेंब आणले. त्यांनी अर्ध्या तासात डोळे पांढरेशुभ्र व्हायचे. पण ते थेंब डोळ्यातल्या रक्तवाहिन्या आकसून टाकतात, ओलावा देत नाहीत. असर उतरला की लाली पहिल्यापेक्षा जास्त चढायची, मग पुन्हा थेंब. तीन आठवडे हे चाललं. त्यानंतर वंगणाचे साधे थेंब आणले, ज्यांना कृत्रिम अश्रू म्हणतात, कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्क्यांचे. औषध योग्य होतं, वापर चुकत होता. दुखलं की टाकायचे, असं करत दिवसातून आठ-दहा वेळा मी ती बाटली पिळत होते. आणि डोळे जास्तच चुरचुरू लागले.

मी ज्यांना पहिल्यांदा दाखवलं, त्यांनी दोन मिनिटांत ‘स्क्रीन कमी बघा’ एवढं सांगून पाठवलं. सल्ला खोटा नव्हता. माणूस एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो आणि स्क्रीनसमोर ते प्रमाण निम्म्याहून खाली येतं. पण माझा त्रास दिवसभर काम करून संध्याकाळी वाढत नव्हता. संध्याकाळी मी बरी असायचे. त्रास होता तो झोपेतून उठताना. ही गोष्ट मी स्वतःहून ठासून सांगायला हवी होती, आणि त्यांनीही विचारायला हवी होती.

कोडं सोडवलं माझ्या लेकीने. एका रात्री ती पाणी प्यायला उठली होती. सकाळी म्हणाली, “आई, तू झोपेत डोळे पूर्ण मिटतच नाहीस गं. खालून पांढरं दिसत होतं. मी घाबरून हाक मारणार होते.” दुसऱ्या रात्री तिने मोबाइलवर फोटो काढला. डाव्या डोळ्याच्या दोन पापण्यांमध्ये सुताएवढी फट, आणि त्या फटीतून डोळ्याचा पांढरा भाग चमकत होता. तो फोटो घेऊन मी दुसऱ्या नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेले.

त्यांनी फोटो नीट पाहिला आणि मला खुर्चीत मागे रेलून झोप लागल्यासारखे डोळे हलके मिटायला सांगितले. घट्ट नाही, हलके. मग खोलीतला दिवा घालवून एक छोटी बॅटरी वरच्या पापणीवर टेकवली. पापण्या नीट मिटत असतील तर कडेतून उजेड बाहेर झिरपत नाही. माझ्या डाव्या डोळ्यातून झिरपला. नंतर त्यांनी नारिंगी रंगाची कागदी पट्टी ओलसर करून खालच्या पापणीच्या आत टेकवली आणि निळ्या उजेडात डोळा तपासला. ज्या ठिकाणी बुबुळावरची नाजूक त्वचा खरचटलेली असते तिथे तो रंग हिरवा चमकतो. माझ्या बुबुळाच्या खालच्या भागात आडवा पट्टा होता, हिरव्या ठिपक्यांचा. बाईंनी तो पडद्यावर मोठा करून मला दाखवला. इतके महिने जे मला नुसतं जाणवत होतं ते समोर दिसल्यावर माझ्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं.

अश्रू किती तयार होतात हे बघायला पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. ती बारा मिलिमीटर भिजली, म्हणजे पाणी पुरेसं होतं. पण अश्रूंचा थर चार सेकंदांतच फाटत होता. दहा सेकंदांपेक्षा कमी म्हणजे थर टिकत नाही असं धरतात. तोंड कोरडं पडतं का, सांधे दुखतात का, हेही त्यांनी विचारलं. शोग्रेन नावाच्या आजारात शरीर स्वतःच्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करतं. हेन्रिक शोग्रेन या स्वीडनच्या नेत्रतज्ज्ञाने १९३३ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून हे नाव. मला ती लक्षणं नव्हती. थायरॉइडची तपासणीही झाली, कारण त्या आजारात डोळे पुढे येऊन पापण्या अपुऱ्या मिटू शकतात. तीही ठीक आली.

झोपेत डोळे उघडे राहण्याला वैद्यकात लॅगॉफ्थॅल्मॉस म्हणतात. ग्रीकमध्ये ‘लागोस’ म्हणजे ससा. ससा उघड्या डोळ्यांनी झोपतो अशी समजूत होती, त्यावरून शब्द आला. झोपेत आपण पापण्या लवत नाही, त्यामुळे अश्रू पसरवणारी हालचालच थांबते. अश्रू तयार होण्याचं प्रमाणही उतरतं. डोळे मिटताना बुबुळ वर सरकतं, त्यामुळे फट असली तर बुबुळाची खालची कड आणि त्याखालचा पांढरा भाग तासन्‌तास हवेवर राहतो. माझा हिरवा पट्टा नेमका तिथेच होता.

इथून उपचार सुरू झाला, आणि माझ्या डोक्यातला गोंधळ पहिल्यांदा सुटला. थेंब हे दुखल्यावर द्यायचं औषध नाही. दुखायच्या आधी, झोपण्यापूर्वी, डोळ्याला रात्रभर पुरेल असं वंगण द्यायचं असतं.

जुनी बाटली बाईंनी बंद करायला लावली. तिच्यात बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं टिकाऊपणासाठीचं रसायन होतं. ते जंतू वाढू देत नाही, पण दिवसातून अनेकदा डोळ्यात जात राहिलं तर बुबुळावरच्या त्याच नाजूक त्वचेला इजा करतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर हे रसायन नसलेले घ्यावेत असं त्यांनी सांगितलं. ते एकेका वेळेपुरत्या छोट्या प्लॅस्टिकच्या कुपीत येतात. मला दिवसा सोडियम हायलुरोनेटचे थेंब दिले आणि रात्रीसाठी मलम, पांढऱ्या पेट्रोलॅटमचं आणि लिक्विड पॅराफिनचं.

मलमाशी जुळवून घ्यायला मला आठवडा गेला. ते डोळ्यात गेलं की सगळं धुक्यासारखं दिसतं. पहिल्या रात्री मी मलम लावून उठले आणि गजर लावायला मोबाइल हातात घेतला, तर आकडेच वाचता येईनात. म्हणून आता दिवा, गजर, दार, पाणी, सगळं आवरून झाल्यावरच मलम. ते लावलं की उठायचं नाही. काहींना इतकं धूसर चालत नाही, त्यांना डॉक्टर दाट जेल देतात. ते मलमापेक्षा कमी टिकतं पण दिसायला बरं पडतं. रात्री बाळासाठी किंवा आजारी माणसासाठी उठावं लागणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी थेंब, मग दहा मिनिटं थांबून मलम. उलट केलं तर मलमाच्या तेलकट थरावरून थेंब घसरून गालावर येतो. थेंब टाकताना मी खालची पापणी बोटाने हलकी ओढून खोबण करते, नजर वर ठेवते आणि कुपीचं तोंड पापणीला, केसांना कशालाही लागू देत नाही. थेंब एकच. डोळ्यात मावतं ते पाणी एका थेंबापेक्षाही कमी असतं, दुसरा थेंब नुसता वाहून जातो. मग डोळा हलका मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून मिनिटभर ठेवायचं. तिथल्या बारीक छिद्रातून अश्रू नाकात उतरतात, ते दाबलं की औषध डोळ्यात थोडं जास्त थांबतं. मिटताना डोळे आवळायचे नाहीत, नाहीतर सगळं बाहेर येतं. मलम म्हणजे खालच्या पापणीच्या आत साधारण अर्ध्या सेंटिमीटरची रेघ. पहिले काही दिवस मी भरपूर लावत होते, त्याने सकाळी पापण्यांवर चिपडं साचण्यापलीकडे काही झालं नाही.

पण माझा खरा प्रश्न सुटला तो सकाळच्या एका सवयीने, आणि तिच्याबद्दल मला कुणी आधी सांगितलं असतं तर कितीतरी पहाटा वाचल्या असत्या. जाग आली की डोळे उघडायचे नाहीत. उशाशी, हात जाईल अशा ठरलेल्या जागी नवी कुपी ठेवलेली असते. मिटल्या डोळ्यांनीच ती चाचपून उघडते, उताणी पडून नाकाकडच्या कोपऱ्यात एक थेंब सोडते. पापणी न उचलता बुबुळं आत हळूहळू डावीकडे, उजवीकडे, वर, खाली फिरवते. थेंब फटीतून आत झिरपतो. मिनिटभराने पापणी किंचित सैल होते, ते कळतं. सुकलेला चिकटा सुटल्यासारखं. मग उघडायचं, सावकाश. रात्री मध्येच जाग आली तरी हेच. झटक्यात डोळा उघडला की चिकटलेली पापणी बुबुळावरची त्वचा ओढते, रात्रभरात भरून आलेलं पुन्हा खरचटतं, आणि हेच चक्र चालू राहतं.

बाकीच्या गोष्टी लहान होत्या पण उपयोगी पडल्या. पंख्याचा झोत तोंडावर येत होता, पलंग फिरवला. झोपण्याआधी कोमट ओल्या कापडाने दहा मिनिटं पापण्या शेकायच्या आणि बोटाने केसांच्या कडेकडे हलकं दाबायचं, त्याने घट्ट झालेलं तेल सुटतं. कापड लवकर थंड होतं, दोन-तीनदा बदलावं लागतं. सर्दीची ॲलर्जीची गोळी घेतली की डोळे जास्त कोरडे पडतात, ते मी डॉक्टरांना सांगून बदलून घेतली. पापणीला कागदी चिकटपट्टी लावून झोपण्याचा मार्ग बाईंनी मला करून दाखवला, तो मी मोजक्या रात्री वापरला. तो कुणी नुसतं वाचून करू नये. पट्टी चुकून सैल झाली तर तीच बुबुळाला घासते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मलम लेन्सवर अजिबात लावू नये.

एका रात्रीत काही झालं नाही. दहाव्या दिवशी मी पहिल्यांदा सलग सकाळपर्यंत झोपले. महिन्याभराने कळ थांबली, चुरचूर उरली. मग एका प्रवासात दमून मलम न लावताच झोपले, आणि पहाटे तीच कळ परत आली. पुढचे दोन दिवस उजेड सहन होईना. तेव्हा बाईंनी बजावलं की दुखणं वाढत गेलं, नजर अंधुक झाली, उजेड अजिबात सोसवेना, घट्ट पू येऊ लागला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर थेंब टाकत घरी बसायचं नाही, त्याच दिवशी यायचं. खरचटलेल्या जागी जंतुसंसर्ग झाला तर नजरेला धोका असतो.

अडीच महिन्यांनी पुन्हा तो नारिंगी रंग घातला. हिरव्या पट्ट्याच्या जागी चार-सहा ठिपके उरले होते. थर सात सेकंद टिकला. बाईंनी दिवसाचे थेंब कमी केले, रात्रीचं मलम ठेवलं. पापण्यांमधली फट आहे तशीच आहे, लेक अधूनमधून रात्री डोकावून बघते आणि सकाळी सांगते, “कालही उघडा होता हं डावा.” उशाशी कुपी असते. आज पहाटे जाग आली ती पाखरांच्या आवाजाने. डोळे मिटलेलेच ठेवून मी हात लांब केला.