कागजीपुऱ्याच्या कागदावर नाताळची कार्डे

जालन्यात नाताळच्या आधी दुकानांतून मिळणाऱ्या कार्डांवर बर्फ, देवदार आणि घसरगाडी असते. यांपैकी एकही वस्तू आमच्या घरातल्या कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. म्हणून गेल्या वर्षी तीस कार्डे घरीच करायचे मी ठरवले आणि चित्रासाठी मेंढपाळ निवडला. लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळ रात्री रानात कळप राखत होते. आमच्याकडेही कापसाची वेचणी झाली की धनगर शेतात मेंढ्या बसवतात आणि घोंगडी पांघरून रात्र काढतात. त्यामुळे नमुना शोधायला फार लांब जावे लागले नाही.

कागद मात्र लांबून आणला. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळापासून तेथे हातकागद होतो असे सांगतात. तेथून मी जाड, पांढुरके ताव घेतले, ते मुख्यतः त्यांच्या न कापलेल्या, तंतू सुटलेल्या कडांच्या मोहाने. त्या मोहाची किंमत पुढे मोजावी लागली.

पहिल्या तुकड्याची सरळ घडी घातली, तर घडीवर कागद फुटून आतले तंतू वर आले. मग पोलादी पट्टी ठेवून, रिफिल संपलेल्या बॉलपेनने आधी खाच पाडायची, तिच्यावरून ओले बोट हलकेच फिरवायचे आणि घडी घालून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवायचे, असा क्रम बसवल्यावर घड्या नीट येऊ लागल्या.

रंगाने त्याहून जास्त छळले. पोस्टर रंगाचा पहिला ठसा टीपकागदावर शाई पसरावी तसा पसरला आणि मेंढपाळाची काठी बोटाएवढी जाड झाली. हातकागदाला पूर्वापार खळ लावून घोटतात हे मला ऐकून ठाऊक होते, पण माझ्या तावांना ती फारशी लावलेली नसावी. मी मैद्याची पातळ खळ शिजवून, गाळून, रुंद ब्रशने एकेक हात फिरवला, ताव दोरीवर वाळवले आणि काचेच्या गुळगुळीत बाटलीने घोटले. खळ दाट झाली की वाळल्यावर तिचे पोपडे निघतात, हे चार ताव वाया गेल्यावर समजले. बरोबर जमलेल्या तावाला बारीक तकाकी येते आणि नखाने टिचकी मारली की तो किंचित खणखणतो. त्यानंतर मी टिचकी मारूनच ताव निवडू लागले.

ठशासाठी मी रबरी स्लीपरचा नवा जोड आणला, कारण तिचा तळ ब्लेडने लोण्यासारखा कापला जातो. हे पाहून सासूबाई भडकल्या.

"अगं, येशूच्या जन्माचं कार्ड अन् चपलेनं छापायलीस का?"

"आई, नवी कोरी आहे. कोणाच्या पायात गेलेली नाही."

"पायात जायला लागतंय का? चप्पल ती चप्पलच!"

वादात न पडता मी डाव्या पायाची चप्पल कापली. मेंढपाळ एका दुपारी झाला, पण त्याच्याखाली कोरलेला 'शांती' हा शब्द मी सुलटाच कोरल्यामुळे कागदावर उलटा उमटला. तो भाग कापून टाकला आणि 'ऊर्ध्वलोकी देवाला गौरव' एवढेच शब्द प्रत्येक कार्डावर बोरूने लिहिले. रंग मात्र स्पंजने टिपून लावला, तेव्हा रबरातल्या बारीक छिद्रांमुळे घोंगडीवर आपोआप लोकरीसारखे ठिपके उठले. सासूबाईंनी चष्मा लावून ते कार्ड बराच वेळ पाहिले, पण बोलल्या काही नाहीत.

नाताळच्या छापील कार्डाचा जन्मच टपालाच्या ओझ्यातून झाला. १८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोल यांनी, साचलेल्या पत्रांना एकेक उत्तर लिहिणे टाळण्यासाठी, जॉन कॅलकॉट हॉर्सले या चित्रकाराकडून चित्र काढून घेऊन सुमारे हजार कार्डे छापवली आणि ती हाताने रंगवून घेतली. माझी गाडीही टपालापाशीच अडली. साध्या पत्राला पहिल्या वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचे तिकीट लागते. माझ्या कार्डाचे वजन त्याच कागदाच्या पाकिटासह सत्तावीस ग्रॅम भरले. तिकीट कमी लावले तर राहिलेल्या रकमेची दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल होते, आणि शुभेच्छा पाठवून वर नातेवाइकांना भुर्दंड घालणे बरे दिसले नसते. बाजारातले पातळ पाकीट वापरून वजन एकवीसवर आणले. आता कडा कातरल्या असत्या तर पाच रुपयांत भागले असते, पण त्या कडांसाठीच तर मी कागजीपुऱ्याला गेले होते. तिसांपैकी बावीस कार्डे टपालाने जायची होती. त्या बाविसांनाही दहा-दहा रुपयांची तिकिटे लावली.

कार्डे पेटीत टाकून घरी आले, तेव्हा उजव्या पायाची चप्पल पसाऱ्यात दिसेना. सासूबाईंनी ती जुन्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती.

"असू दे. पुढच्या वर्षी मेंढरं कोरायला लागंल."