पेटी बंद ठेवून भूप

गाण्याच्या क्लासची चौकशी करताना पालक फी विचारतात, वार विचारतात. त्याआधी विचारायचं ते असं: तालीम कुणाकडे झाली, किती वर्षं, आणि पहिल्या महिन्यात मुलाला पेटीवर (हार्मोनियमवर) गायला लावणार की तानपुऱ्यावर? भिंतीवर विशारद या संगीत परीक्षेचं प्रमाणपत्र असलं तर उत्तमच. पण तानपुरा जुळवता न येणारे विशारदही भेटतात.

आधी पट्टी, म्हणजे ज्या उंचीवर ‘सा’ धरून गायचं ती. आठ-दहा मुलांना एकत्र बसवलं की सगळ्यांना एकच पट्टी दिली जाते, आणि ज्यांना ती उंच पडते ती मुलं गळा आवळून ओरडतात. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवतापर्यंत (ध) आरामात उतरता यावं आणि तार (वरच्या सप्तकातला) गंधार (ग) मान वर न करता लागावा, ती मुलाची पट्टी. सात-आठ वर्षांची मुलं बहुधा पेटीच्या काळी चार ते काळी पाच या पट्ट्यांमध्ये बसतात. बायकांचीही साधारण तीच, पुरुषांची पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास. मुलग्यांचा आवाज फुटायला लागला की पट्टी उतरवायची, तार सप्तक बंद, रियाज वीस मिनिटांवर आणायचा. ‘आवाज गेला’ म्हणून क्लास सोडवायचं काही कारण नसतं.

सुरुवातीला भूप का, तर पाचच स्वर आणि सगळे शुद्ध. सोपा राग म्हणून तो दिला जातो, आणि पेटीवर शिकवला की त्यातच सूर बिघडतो. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग असतात. अर्ध्या स्वराचे १०० भाग धरले, तर षड्जापासून (सा) पेटीचा शुद्ध गंधार ४०० वर येतो. तानपुऱ्याची खरजेची (सगळ्यात खालच्या ‘सा’ची) तार नीट जुळली आणि जव्हारी (तारेला झणकार देणारी घोडीवरची घडण) उघडी असली की तिच्यातून आपोआप एक गंधार ऐकू येतो, तो साधारण ३८६ वर. पंचमात हा फरक जेमतेम २ भागांचा, म्हणून तिथे काही खुपत नाही. गंधारात १४, आणि भूपाचा वादी (मुख्य स्वर) तर गंधारच! सहा महिने पेटीच्या मागे गेलेलं मूल तानपुऱ्यावर बसलं की त्याचा गंधार चढा लागतो, आणि आपलं काय चुकतंय हे त्याला कळतही नाही.

म्हणून पंचेचाळीस मिनिटांच्या शिकवणीत पहिली दहा मिनिटं नुसता सा, मग सा-ग, सा-प. ‘ग’वर थांबवून मुलाला गप्प करायचं आणि खरज ऐकायला लावायची. आठवड्याभरात नाही, पण दोन-तीन महिन्यांत कान पकडतो. पेटी काढायची ती चुकलेला स्वर दाखवायला, मागोमाग वाजवायला नाही. घरी तानपुरा नसेल तर फोनवरचा चालतो, मात्र लहान स्पीकरमधून खरज नीट येत नाही. हेडफोन किंवा बरा स्पीकर लावा.

अलंकार मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत, बराबरीने, म्हणजे मात्रेला एक स्वर. दुगुनीची (मात्रेला दोन स्वरांची) घाई केली की अवरोहात रिषभ (रे) उतरतो.

बंदीश, म्हणजे रागातली बांधलेली रचना, वहीत लिहायची ती शेवटी. मध्यलय तीनतालातल्या (सोळा मात्रांच्या) बऱ्याच बंदिशी नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून उठतात. वही समोर असली की मूल पहिल्या अक्षरालाच सम (तालाची पहिली मात्रा) समजतं. आधी हातावर ठेका: टाळी १, ५, १३ वर, ९ वर हात बाजूला. शिक्षकाने मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) गायचा, मुलाने समेवर फक्त ‘धा’ म्हणायचं. ते चार वेळा बरोबर आलं की मग शब्द द्यायचे.

परीक्षेचा फॉर्म पहिल्याच वर्षी भरायचा आग्रह पालकांचा असतो. प्रारंभिकला, म्हणजे पहिल्या परीक्षेला, मूल पाठ करून पास होतंही. अडकतं ते पुढे मध्यमा या वरच्या परीक्षेच्या सुमारास, आलाप (रागाचा संथ विस्तार) स्वतःचे करायची वेळ आली की.